एकरी पंचवीस डॉलर: ॲरिझोनाचं पाणी आणि सौदी गाईंचा चारा

लसूणघास आपल्याकडच्या दूध उत्पादकाला नवी नाही. एकदा पेरली की तीन-चार वर्षं निघते, महिना-सव्वा महिन्याने कापणीला येते, गाईला मानवते आणि पाणी मागते. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, कॅलिफोर्नियाच्या सीमेला लागून, ला पाझ नावाची काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग, आहे. पाऊस वर्षाला पाच-सहा इंच, वस्ती जेमतेम सोळा-सतरा हजार, त्यातही निवृत्त माणसांचा भरणा मोठा. या वाळवंटात हजारो एकरांवर लसूणघास उभी असते. ऊन इतकं की वर्षाला आठ-दहा कापण्या मिळतात. कापलेली घास वाळवतात, तिचे गठ्ठे बांधतात, कंटेनर बंदरावर जातात आणि माल उतरतो तो सौदी अरेबियातल्या गोठ्यांत.

२ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्याच्या गव्हर्नर केटी हॉब्स यांनी या शेतीचा सरकारी जमिनीवरचा एक भाडेपट्टा रद्द केला आणि उरलेले तीन मुदत संपल्यावर वाढवणार नाही, असं जाहीर केलं. जगभर बातम्या आल्या आणि बहुतेकांचा सूर एकच होता: परक्यांनी पाणी पळवलं, सरकारने ते थांबवलं. पाणी आणि अन्नसुरक्षेच्या नीतीची चर्चा निघाली की हे प्रकरण हमखास पुढे येतं, तेही याच सुरात. माझ्या मते आरोपी निवडतानाच गल्लत झाली आहे. पाणी कोणी नेलं यापेक्षा, ते असं नेता येईल हा नियम कोणी आणि कोणाच्या सोयीसाठी ठेवला, हे विचारायला हवं. पण त्याआधी सौदीची बाजू ऐकू, कारण ती सहसा कोणी ऐकून घेत नाही.

रियाधमधून पाहिलं तर

१९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, तेव्हा अमेरिकेत उघड बोललं जाऊ लागलं की हे तेल रोखणार असतील तर आपण धान्य रोखू. ज्या देशात एकही बारमाही नदी नाही त्याला हे बोलणं विसरणं शक्य नव्हतं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सौदी सरकारने गव्हात स्वयंपूर्ण व्हायचं ठरवलं. तेलाचा पैसा ओतला, गव्हाला जागतिक बाजारभावाच्या कितीतरी पट दर दिला आणि वाळवंटाखालचं पाणी वर काढायला सुरुवात केली. गोल फिरणाऱ्या सिंचन यंत्रांनी वाळूत हिरवी वर्तुळं उमटवली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत देश स्वयंपूर्ण झाला, आणि १९९२ च्या सुमारास उत्पादन चाळीस लाख टनांच्या घरात जाऊन सौदी अरेबिया जगातल्या मोठ्या गहू निर्यातदारांत मोजला जाऊ लागला.

हे पाणी पावसाने भरून येणारं नव्हतं. हजारो वर्षांपूर्वी, तिथलं हवामान ओलं होतं तेव्हा, खडकात मुरलेलं ते पाणी होतं. काढलं की संपलं. २००८ मध्ये सरकारने हे मान्य केलं आणि देशी गव्हाची सरकारी खरेदी दरवर्षी साडेबारा टक्क्यांनी घटवत २०१६ पर्यंत बंद करायचं ठरवलं. शेतकऱ्यांनी काय केलं? गहू सोडून लसूणघास लावली, जी वर्षभर उभी राहते आणि गव्हाहून कितीतरी जास्त पाणी घेते. दुधाचा धंदा जोरात होता, चाऱ्याला गिऱ्हाईक दारात होतं. अखेर डिसेंबर २०१५ मध्ये हिरव्या चाऱ्याचं पीकही तीन वर्षांत गुंडाळायचा निर्णय झाला.

दरम्यान २००७-०८ चं अन्नधान्य संकट येऊन गेलं होतं. भाव भडकले तसे निर्यातदार देशांनी दरवाजे लावून घेतले. त्यात भारतही होता. आपण बिगर-बासमती तांदळाची निर्यात थांबवली. व्हिएतनामनेही हात आखडता घेतला. आखाती देशांकडे पैसा होता, पण विकायला कोणी तयार नव्हतं. त्यातून त्यांनी धडा घेतला तो असा: नुसतं धान्य विकत घेण्याच्या भरवशावर राहायचं नाही, दुसऱ्याच्या देशात जमीनच घ्यायची. राजे अब्दुल्ला यांच्या नावाची परदेशी शेती-गुंतवणुकीची योजना याच काळातली. सुदान, इथिओपिया, अर्जेंटिना अशी नावं त्यानंतर एकापाठोपाठ ऐकू येऊ लागली.

भारताने तेव्हा निर्यात थांबवली ती देशातल्या भावांना आवर घालण्यासाठी, आणि मला ते चूक वाटत नाही. पण त्याची किंमत कुणालातरी मोजावी लागलीच. 'पाणी नसेल तर धान्य आयात करा' हा कोरड्या देशांना दिला जाणारा सल्ला लंडनच्या किंग्ज कॉलेजचे टोनी ॲलन यांच्या 'आभासी पाण्या'च्या मांडणीतून आला. एक टन गहू आयात करणं म्हणजे तो पिकवायला लागणारं हजारएक टन पाणी आयात करणं, असा तो हिशेब. २००८ मध्ये, म्हणजे हे संकट शिगेला असतानाच, त्यांना स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. हा सल्ला विक्रेत्याच्या शब्दावर उभा आहे. विक्रेता संकटात शब्द पाळत नाही हे त्या वर्षी दिसलं, आणि नंतर २०२२ मध्ये गव्हाच्या व २०२३ मध्ये तांदळाच्या निर्यातबंदीने आपण ते पुन्हा दाखवलं. म्हणून सौदीने परदेशात जमीन घेतली, याला मी हाव म्हणणार नाही. स्वतःचा न भरणारा साठा राखायचा, हा निर्णय तर शहाणपणाचाच होता. गडबड झाली ती पुढे. घरचं जे पाणी उपसायला नको असं ठरलं, तसलंच पाणी दुसऱ्याच्या अंगणातून उपसलं गेलं.

बटलर व्हॅलीचा खंड

अलमराई ही सौदीतली सर्वांत मोठी दुग्ध कंपनी. आखातात नोकरी करून आलेल्या रत्नागिरी-रायगडच्या माणसाला तिच्या लबनची, म्हणजे ताकाची, बाटली ओळखीची असेल. तिच्या फोंडोमॉन्टे नावाच्या उपकंपनीने २०१४ मध्ये ला पाझ काउंटीत, व्हिक्सबर्ग गावाजवळ, ९,८०० एकरांहून थोडी जास्त जमीन ४ कोटी ७५ लाख डॉलरना विकत घेतली. कंपनीने काही लपवलं नव्हतं. देशाच्या साधनसंपत्तीचं जतन करायच्या सरकारी धोरणाला अनुसरून बाहेरून उत्तम चारा मिळवण्यासाठी ही खरेदी आहे, असं तिने स्वतःच जाहीर केलं होतं.

विकत घेतलेल्या जमिनीखेरीज शेजारच्या बटलर व्हॅलीत तिने राज्य सरकारची सुमारे ३,५०० एकर जमीन खंडाने घेतली. दर होता एकरी वर्षाला साधारण २५ डॉलर. पाण्याचे वेगळे पैसे नाहीत, आणि किती उपसलं ते मोजून सांगायचं बंधनही नाही.

हा आकडा थोडा उलगडून पाहू. त्या उन्हात लसूणघासीला वर्षाला एकरी पाच ते सहा एकर-फूट पाणी लागतं. एक एकर-फूट म्हणजे एका एकरावर एक फूट उभं राहील इतकं पाणी, सुमारे १२ लाख ३३ हजार लिटर. सगळी जमीन पिकाखाली धरली तर वर्षाला साडेसतरा ते एकवीस हजार एकर-फूट. आणि खंड? साधारण साडेसत्याऐंशी हजार डॉलर. म्हणजे जमिनीचं मोल शून्य धरून सगळा खंड पाण्याच्याच नावावर लावला, तरी सव्वाबारा लाख लिटरला चार-पाच डॉलर पडतात. उपशाचा वीजखर्च कंपनीचा, हे खरं. पण तो पाणी काढण्याचा खर्च झाला, पाण्याचं मोल नव्हे.

या जमिनीला आणखी एक पदर आहे, आणि माझ्या दृष्टीने प्रकरणातला सर्वांत अवघड भाग तोच. ॲरिझोना राज्य झालं तेव्हा संघराज्याने त्याला लाखो एकर जमीन विश्वस्त म्हणून दिली. तिचं उत्पन्न मुख्यतः सरकारी शाळांना जायचं. जमीन विभाग त्या जमिनीचा मालक नाही, शाळेतल्या मुलांच्या वतीने सांभाळणारा आहे. विश्वस्ताने लाभार्थ्याला जास्तीत जास्त मिळवून द्यावं, ही त्याची कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी. मग एकरी पंचवीस डॉलर हा त्या जबाबदारीचा भंगच म्हणायला हवा. आणि समजा विभागाने कसून भाव केला असता, एकरी पाचशे डॉलर घेतले असते, तर? शाळांना पैसा मिळाला असता आणि पाणी तितकंच गेलं असतं. त्या मुलांच्या मुलांना खाली काही उरणार की नाही, याची नोंद विश्वस्ताच्या वहीत कुठल्या रकान्यात करायची, हे कुणी ठरवलेलंच नव्हतं.

खोल बोअरवाल्याचं राज्य

ॲरिझोनात भूजलाचा कायदा नाही असं नाही. १९८० चा तिथला कायदा त्या काळी अमेरिकेत अतिशय पुढारलेला मानला गेला. गव्हर्नर ब्रूस बॅबिट यांच्या पुढाकाराने झालेल्या त्या समझोत्यात फीनिक्स, टूसॉन यांसारख्या भागांना 'सक्रिय व्यवस्थापन क्षेत्रं' ठरवलं गेलं. तिथे नवी सिंचित शेती बंद, मोठ्या उपशाची मोजणी सक्तीची. राज्याच्या उरलेल्या, म्हणजे क्षेत्रफळाच्या मानाने बहुतेक भागाला मात्र जुनाच नियम राहिला: जमीन तुमची असेल तर बोअर घेतोय असं कळवा, आणि 'वाजवी आणि लाभदायक' वापरासाठी हवं तितकं काढा. लसूणघास लाभदायक आहे. कंपनीने कायदा मोडलाच नाही. तो तिच्याचसारख्यांसाठी उघडा ठेवलेला होता, आणि तिच्याआधी स्थानिक अमेरिकी शेतकरी पिढ्यानपिढ्या त्याच उघड्या दारातून जात-येत होते.

अशा नियमात स्पर्धा खोलीची होते. ज्याची पंपाची ताकद मोठी आणि खिसा खोल, तो पाण्याच्या मागे खाली जात राहतो. ज्याचा बोअर घरगुती, दोन-तीनशे फुटांचा, त्याच्या नळाला एक दिवस हवा येते. व्हिक्सबर्गच्या परिसरात हेच झालं. घरांचे बोअर आटले, एका छोट्या चर्चचा बोअर कोरडा पडला. बोअर खोल करायला हजारो डॉलर लागतात, आणि तिथे राहणारी बरीच माणसं पेन्शनवर जगणारी. शिवाय भूजल फार खाली गेलं की वरची जमीन खचते. खचलेल्या थरात पुन्हा पूर्वीइतकं पाणी मावत नाही. ही हानी पुढच्या चांगल्या पावसाने भरून निघत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने जुलै २०१० मध्ये १२२ मतांनी पिण्याच्या पाण्याचा हक्क मानवी हक्क म्हणून मान्य केला. अमेरिका तेव्हा तटस्थ राहिली. तिने होकार दिला असता तरी ला पाझमधल्या आजीबाईंचा नळ वाहता राहिला असता असं मी म्हणणार नाही. पण अशा ठरावाने एक उतरंड लागते: आधी पिणं, मग पोटापुरतं पिकवणं, मग बाजार. ॲरिझोनाच्या ग्रामीण भागातल्या नियमात ही उतरंडच नाही. पिण्याचं पाणी आणि निर्यातीचा चारा एकाच रांगेत उभे, आणि रांगेचा क्रम पाइपाच्या लांबीवर.

आता कोणी म्हणेल, सौदीतल्या लोकांनाही अन्नाचा हक्क आहे की. आहेच. येमेनच्या उपासमारीसाठी धान्य पिकवायला हे पाणी लागत असतं तर मी इतक्या ठामपणे लिहिलं नसतं. पण इथे प्रश्न आहे रणरणत्या उन्हात, पंखे आणि पाण्याचे फवारे लावून, होल्स्टाइन गाई पाळून ताजं दूध काढायचा. त्या दुधाला पर्याय आहेत, दूध पावडर आहे, दूधच बाहेरून आणता येतं. अन्नसुरक्षा या शब्दाखाली भूक आणि चव दोन्ही लपतात. त्या वेगळ्या काढल्या नाहीत तर नीतीची कुठलीही चर्चा भरकटते. आणि हे अमेरिकेलाही लागू आहे: कोलोरॅडो नदीच्या खोऱ्यात सर्वांत जास्त पाणी खाणारं पीक लसूणघासच, आणि तिचा फार मोठा भाग अमेरिकी गाईच खातात. चीज आणि गोमांसाच्या रूपाने ते पाणी अमेरिकी ताटांत जातं.

परका कोण?

ला पाझ काउंटीच्या पर्यवेक्षक, म्हणजे तिथल्या मंडळावर निवडून आलेल्या सदस्य, होली अर्विन कितीतरी वर्षं या उपशाविरुद्ध राजधानीत ओरडत होत्या. कुणी लक्ष देत नव्हतं. 'सौदी' हा शब्द मथळ्यात आला तेव्हा लक्ष गेलं. लोकांच्या रागाला वाट मिळाली, एवढा त्याचा फायदा. तोटा असा की याच राज्यात घडलेल्या इतर गोष्टी या शब्दाच्या सावलीत गेल्या.

राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात विलकॉक्स खोऱ्यात रिव्हरव्ह्यू नावाच्या मिनेसोटाच्या, म्हणजे पूर्ण अमेरिकी, कंपनीने प्रचंड गोठे उभारले आणि चाऱ्यासाठी खोल बोअर मारले. तिथेही घरांचे बोअर आटले, जमिनीला भेगा पडल्या. ला पाझमध्येच मॅकमुलन खोऱ्यात संयुक्त अरब अमिरातीची अल दाहरा कंपनी शेती करत होती, आणि ती जमीन ज्या गुंतवणूक कंपनीची होती तिच्यात ॲरिझोनाच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतन निधीचा पैसा होता. शिक्षकांच्या पेन्शनीला त्यांच्याच राज्याच्या भूजलाचा हातभार! तिसरं उदाहरण सिबोलाचं. कोलोरॅडो नदीकाठच्या, ला पाझमधल्याच या खेड्यात एका गुंतवणूक कंपनीने शेतजमीन घेतली आणि काही वर्षांनी त्या जमिनीचा वर्षाला सुमारे २,००० एकर-फुटांचा नदीच्या पाण्यावरचा हक्क फीनिक्सजवळच्या क्वीन क्रीक या वाढत्या उपनगराला २ कोटी ४० लाख डॉलरना विकला. काउंटीचा विरोध होता. २०२३ मध्ये पाणी कालव्याने निघूनही गेलं.

ला पाझच्या माणसाच्या जागी उभं राहून पाहिलं तर पाणी रियाधला गेलं काय आणि क्वीन क्रीकच्या बंगल्यांना गेलं काय, नळ कोरडाच. फरक असलाच तर उलटा आहे: चाऱ्याच्या शेतीत गावाकडे चार रोजगार तरी उरतात.

म्हणून परदेशी मालकी हा नीतीचा निकष म्हणून मला कच्चा वाटतो. एक मुद्दा मात्र मान्य करतो. दूरचा मालक परिणामांपासून दूर असतो. अंगणातल्या शेजाऱ्याचा नळ आटला तर त्याला रोज तोंड दाखवावं लागतं, रियाधच्या संचालक मंडळाला लागत नाही. पण मिनेसोटाच्या किंवा न्यूयॉर्कच्या मंडळालाही लागत नाही. दूरपणा मोजायचा तर सीमेवरून कशाला मोजायचा?

निर्णय बरोबर, कारण भलतंच

आता हॉब्स यांच्या निर्णयाकडे. पट्टा रद्द करण्याचं कागदावरचं कारण पाणी नव्हतंच. इंधनाच्या टाक्यांभोवती गळती अडवणारी व्यवस्था कंपनीने केलेली नाही, असा ठपका होता. त्याची नोटीस थेट २०१६ ची. म्हणजे सात वर्षं जी त्रुटी चालली ती राजकीय हवा बदलल्यावर पट्टा तोडण्याइतकी गंभीर झाली. कंपनीने आपण करार पाळत होतो असंच म्हटलं.

अशा वेळी 'फळ चांगलं आलं ना' म्हणून पुढे जाण्याचा मोह होतो. मला ते पटत नाही. पाण्याबद्दल निर्णय घ्यायचा आणि कारण डिझेलच्या टाकीचं द्यायचं, याने पाण्याबद्दलचा कुठलाच नियम तयार होत नाही. उद्या दुसरी कंपनी आली, तिच्या टाक्या चोख असल्या, तर तिला काय सांगणार? मुदत संपलेले पट्टे न वाढवणं हा भाग मात्र सरळ होता. मालकाचा तो अधिकारच आहे, आणि विश्वस्त म्हणून उशिरा का होईना सुचलेलं शहाणपण आहे. २०२४ च्या सुरुवातीला बटलर व्हॅलीतलं सिंचन थांबलं.

व्हिक्सबर्गच्या खासगी जमिनीवरचं थांबलं नाही. तिथे पट्टा नाही, मालकी आहे. डिसेंबर २०२४ मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरल क्रिस मेझ यांनी फोंडोमॉन्टेवर सार्वजनिक उपद्रवाचा दावा लावला. दाव्यानुसार व्हिक्सबर्ग ज्यात येतं त्या रानेग्रास प्लेन खोऱ्यातून कंपनीने २०२३ या एका वर्षात सुमारे ३१,००० एकर-फूट पाणी काढलं, आणि ते त्या खोऱ्यातल्या एकूण उपशाच्या ८१ टक्क्यांहून जास्त आहे. आपल्या मापात ते भरतं सुमारे १.३५ टीएमसी, खडकवासला धरणाच्या उपयुक्त साठ्याच्या दोन-तृतीयांशाहून थोडं जास्त. आरोप निराधार आहेत असं कंपनीचं म्हणणं.

हा दावा मला पट्टा तोडण्यापेक्षा प्रामाणिक वाटतो. तो उघडपणे पाण्याबद्दल आहे आणि मालक कोण यावर उभा नाही. कायद्याने परवानगी असली तरी शेजाऱ्याचं जगणं अशक्य करणारा वापर 'वाजवी' कसा, हे तो न्यायालयाला विचारतो. अडचण अशी की विधिमंडळाने चाळीसहून अधिक वर्षं टाळलेलं काम एका खटल्यावर टाकलं जातंय.

मग करायला काय हवं होतं? मोजमाप आधी. किती निघतं हेच माहीत नसेल तर न्याय कशाचा वाटणार? त्यानंतर पिण्याच्या बोअरना संरक्षण: मोठा उपसा करणाऱ्याने आसपासचे आटलेले घरगुती बोअर खोल करून द्यायचे. आणि खोऱ्याला एकूण मर्यादा. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९६५ मध्ये आपला प्रबंध लॉस एंजेलिसजवळच्या एका भूजल खोऱ्यावर लिहिला होता. तिथे उपसा करणाऱ्यांनी, समुद्राचं खारं पाणी आत घुसू लागल्यावर, एकत्र बसून आणि न्यायालयाच्या मदतीने आपापला वाटा कमी करून घेतला. पुढे २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते सामाईक साधनांच्या अशाच अभ्यासासाठी. लोक एकत्र येऊन पाणी राखू शकतात, हे त्यांनी दाखवलं.

राखतीलच असं नाही, हे ॲरिझोनाने दाखवलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये डग्लस आणि विलकॉक्स या दोन शेजारच्या खोऱ्यांत भूजल नियंत्रण हवं का, यावर मतदान झालं. डग्लसने हो म्हटलं. जिथे बोअर आटत होते त्या विलकॉक्सने नाही म्हटलं. सरकार आपल्या विहिरीवर मीटर बसवणार, ही भीती कोरड्या नळाच्या भीतीपेक्षा मोठी ठरली. शेवटी २०२४ च्या अखेरीस राज्याने स्वतःच्या अधिकारात ते खोरं नियंत्रणाखाली घेतलं. स्थानिकांचं मत आणि स्थानिकांचं हित यांत अंतर पडतं तेव्हा कोणाचं ऐकायचं? विलकॉक्सपुरतं माझं उत्तर असं: आटणाऱ्या साठ्यावर आज मतदान करणाऱ्यांइतकाच उद्या तिथे राहणाऱ्यांचा हक्क आहे, आणि ते मत देऊ शकत नाहीत. त्यामुळे राज्याने हात घातला ते योग्य झालं.

आपल्याकडे बोट वळतंच

महाराष्ट्रात भूजलाची मालकी व्यवहारात जमिनीच्या मालकाचीच आहे, १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून. २००९ चा आपला भूजल अधिनियम चांगला आहे. खोल विहिरींवर मर्यादा, पिण्याच्या स्रोतांना संरक्षण, सगळं त्यात लिहिलंय. अंमलबजावणी ज्यांना दिसली असेल त्यांनी सांगावं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचं पाणी न्यावं लागलं. त्याच मराठवाड्यात साखर कारखाने उभे होते. २०२१-२२ मध्ये देशाने विक्रमी, सुमारे ११० लाख टन साखर निर्यात केली आणि त्या हंगामात साखरेच्या उत्पादनात महाराष्ट्र देशात पहिला होता. इंडोनेशिया-बांगलादेशाला गेलेल्या त्या साखरेत कुठल्या कुठल्या बोअरचं पाणी होतं, याचा हिशेब कोणी मांडत नाही. यात कुणी सौदी नाही. कारखाने आपले, सभासद आपले, आमदार आपले. ऊस लावणाऱ्याला मी दोष देणार नाही. ज्या पिकाला हमखास दर आणि हमखास गिऱ्हाईक आहे ते तो लावणारच, सौदी शेतकऱ्याने गहू आणि मग घास लावली तशीच.

बटलर व्हॅलीचं पुढे काय, हा प्रश्न अजून उघडा आहे. ग्रामीण खोऱ्यातलं भूजल बाहेर न्यायला ॲरिझोनाने १९९१ मध्ये बंदी घातली, पण मोजकी खोरी त्यातून वगळली. त्यांतलं पाणी शहरांकडे नेता येतं. बटलर व्हॅली त्या वगळलेल्या खोऱ्यांपैकी एक आहे. जून २०२३ मध्ये राज्याने फीनिक्स परिसरात केवळ भूजलावर विसंबणाऱ्या नव्या वसाहतींना मंजुरी थांबवली, तेव्हापासून बिल्डर पाण्याच्या शोधात आहेत. घास थांबल्याने खाली राहिलेल्या पाण्यावर पहिला हक्क ला पाझच्या बोअरचा की तिथून शंभरएक मैलांवर बांधायच्या घरांचा, हे पट्टा रद्द करणाऱ्या आदेशात लिहिलेलं नाही.